आकाशाच्या उंबरठ्यावरची वाट : ऑयगेन झेंगर

1 ऑक्टोबर 2019 रोजी चीनच्या प्रजासत्ताकाला सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी बीजिंगमध्ये झालेल्या लष्करी संचलनात डीएफ-17 हे क्षेपणास्त्र प्रथमच जगासमोर आणले गेले. त्याच्या टोकाशी नेहमीचा शंकू नव्हता. चपट्या पाचरीसारखे दिसणारे एक छोटे यान बसवलेले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रशियाने अवांगार्द हे आंतरखंडीय पल्ल्याचे अस्त्र ओरेनबुर्ग प्रांतातील तळावर तैनात केल्याचे जाहीर केले. दोन्ही अस्त्रांमागील कल्पना एकच आहे. रॉकेटने प्रचंड वेग दिलेले यान अवकाशातून दगडासारखे खाली पडू द्यायचे नाही. वातावरणाच्या विरळ थरांचा आधार घेत, हवे तसे वळवत, त्याला हजारो किलोमीटर सरकत न्यायचे.

हायपरसॉनिक हा शब्द आता रोजच्या बातम्यांत येतो. ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेग एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यावरच पाहिले तर त्यात नवल काहीच नाही, कारण आंतरखंडीय बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून ध्वनीच्या वीसपट वेगाने जाऊ शकतात. नावीन्य वेगात नाही, वाटेत आहे. या वाटेचे पहिले सविस्तर गणित ऑयगेन झेंगर या ऑस्ट्रियन अभियंत्याने आणि त्यांच्या सहकारी इरेने ब्रेट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांडले. झेंगर 1964 मध्ये वारले. त्यांनी आयुष्यभर स्वप्न पाहिले ते पंख असलेल्या अवकाशयानाचे. जगाने त्यांच्या कागदांतून प्रत्येक वेळी आधी उचलले ते अस्त्र. हे असे का झाले, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात आहे.

प्रेसनिट्स ते व्हिएन्ना

झेंगर यांचा जन्म 22 सप्टेंबर 1905 रोजी बोहेमियातील प्रेसनिट्स या गावी झाला. तेव्हा ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. तेरा वर्षांनी साम्राज्यच उरले नाही. गाव चेकोस्लोव्हाकियात गेले, आणि 1970 च्या दशकात जलाशयासाठी ते पाडून टाकण्यात आले. झेंगर यांच्या आयुष्यातही स्थैर्य असे फारसे आले नाही. ऑस्ट्रिया, जर्मनी, फ्रान्स, पुन्हा जर्मनी, मध्येच इजिप्त, असा त्यांचा प्रवास झाला. प्रत्येक मुक्कामाचे कारण एकच होते : प्रयोगशाळा कोण देतो.

शाळकरी वयात कुर्ड लासविट्स यांची मंगळवासीयांवरील कादंबरी त्यांच्या हाती पडली आणि अवकाशप्रवासाचे वेड लागले. पुढे ग्राझ येथे ते स्थापत्य अभियांत्रिकी शिकू लागले. त्या काळात हर्मान ओबेर्ट यांचे 1923 साली निघालेले ग्रंथवजा पुस्तक त्यांनी वाचले. रॉकेटच्या साहाय्याने पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण ओलांडता येईल हे त्या पुस्तकात कल्पनेने नव्हे, तर समीकरणांनी दाखवले होते. झेंगर यांनी पूल आणि इमारतींचा अभ्यास बाजूला ठेवला आणि व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात वायुगतिकीकडे वळले.

ओबेर्ट आणि त्यांचे बहुतेक अनुयायी रॉकेटकडे तोफगोळ्यासारखे पाहत. सरळ वर जाणारे, इंधन संपले की आपल्या कक्षेच्या गणिताने पुढे जाणारे, असे ते वाहन होते. झेंगर यांची दृष्टी विमानाच्या अभियंत्याची होती. ज्या हवेतून वर जायचे ती हवा नुसता अडथळा का मानायची, तिचा आधार का घेऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता. रॉकेटला पंख दिले तर परतताना ते विमानासारखे उतरेल, पुन्हा वापरता येईल आणि त्याच इंधनात कितीतरी लांब जाईल. या विषयावर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. विद्यापीठाने तो फार काल्पनिक ठरवून नाकारला. झेंगर यांनी वाद घातला नाही. विमानाच्या पंखांच्या सांगाड्यावर पडणाऱ्या भाराविषयी एक नेमस्त प्रबंध त्यांनी सादर केला, पदवी घेतली, आणि नाकारलेले लेखन वाढवून 1933 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. रॉकेटच्या शक्तीने होणाऱ्या उड्डाणाचे तंत्र हा त्या पुस्तकाचा विषय होता. रॉकेटविमानाच्या शास्त्राचे ते पहिल्या काही पाठ्यपुस्तकांपैकी एक मानले जाते.

पुस्तकाइतकेच महत्त्वाचे काम त्यांनी त्या वर्षांत हातांनी केले. व्हिएन्नात अगदी तुटपुंज्या साधनांनिशी त्यांनी द्रवरूप ऑक्सिजन आणि खनिज तेलावर चालणारी छोटी रॉकेट इंजिने चालवून पाहिली. अशा इंजिनाची मुख्य अडचण अशी की, ज्वलनकक्षातील तापमानाला कोणताही धातू फार वेळ तग धरत नाही. झेंगर यांनी कक्षाभोवती वाहिन्या गुंडाळून त्यांतून जळण्याआधीचे इंधनच खेळवले. इंधन जाता जाता भिंतींची उष्णता शोषून घेई आणि मग कक्षात जळे. अशा प्रकारची शीतलता पुढच्या पिढ्यांतील मोठ्या द्रवइंधन रॉकेटांत सर्रास वापरली गेली. ऑस्ट्रियाच्या लष्कराला मात्र त्यांच्या प्रस्तावात रस वाटला नाही. मायदेशात पदवी अडली, पैसाही मिळाला नाही. अशा वेळी 1936 मध्ये जर्मनीचे बोलावणे आले.

ट्राउएनचे माळरान

बोलावणे हिटलरच्या हवाई दलाचे होते. जर्मन लष्कराने वेर्नर फॉन ब्राउन यांना हाताशी धरून रॉकेटांचे मोठे केंद्र उभारायला घेतले होते. बाल्टिक समुद्रकाठचे पेनेम्युंडे ते हेच. हवाई दलाला या शर्यतीत मागे राहायचे नव्हते. उत्तर जर्मनीतील ल्युनेबुर्गच्या माळावर, ट्राउएन नावाच्या खेड्याजवळ झेंगर यांना एक स्वतंत्र संशोधन केंद्र बांधून मिळाले. नाव साधे, विमानांच्या चाचण्यांचे. काम मात्र 100 टन रेट्याच्या रॉकेट इंजिनाचे होते. त्या काळी इतके मोठे इंजिन कोणी पाहिलेही नव्हते.

इथेच त्यांच्या आयुष्यात इरेने ब्रेट आल्या. बॉन येथे 1911 मध्ये जन्मलेल्या ब्रेट भौतिकशास्त्राच्या डॉक्टर होत्या, आणि गणितावर त्यांची असामान्य पकड होती. विरळ हवेत, अतिवेगाने जाणाऱ्या पृष्ठभागावर कोणती बले काम करतात, हवेचे रेणू एकेकटे आदळू लागले की नेहमीची समीकरणे कुठे कोलमडतात, हे प्रश्न तेव्हा जवळपास अस्पर्श होते. ते सोडवण्याचे काम मोठ्या प्रमाणात ब्रेट यांनी केले. पुढे 1951 मध्ये दोघांनी विवाह केला. लोकांनी या विमानाला झेंगर यांचे नाव दिले असले, तरी अभ्यासक त्याचा उल्लेख झेंगर-ब्रेट विमान असा करतात, आणि तेच न्याय्य आहे.

या केंद्रात जे आकाराला आले त्याला रुपेरी पक्षी, जर्मनमध्ये झिल्बरफोगेल, असे नाव पडले. कागदावरचे ते विमान 28 मीटर लांब होते. भरलेले वजन 100 टन. त्यात विमानाचा स्वतःचा वाटा फक्त दहाएक टनांचा, बाकी जवळजवळ सगळे इंधन आणि ऑक्सिजन. ते धावपट्टीवरून उडणार नव्हते. 3 किलोमीटर लांबीच्या एकेरी रुळावर रॉकेटची एक घसरगाडी त्याला 600 टनांच्या रेट्याने सुमारे 11 सेकंद ढकलणार आणि ध्वनीहून अधिक वेग देऊन सोडणार होती. त्यानंतर विमानाचे स्वतःचे इंजिन पेटून त्याला वातावरणाच्या वर नेणार आणि ताशी 22,000 किलोमीटरच्या आसपास पोहोचवणार होते.

पुढचा भाग खरा झेंगर यांचा. शांत पाण्याला समांतर असा चपटा खडा जोराने भिरकावला की तो बुडत नाही. टप्पे खात दूरवर जातो. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा आखूड होत जातो आणि शेवटी खडा पाण्यावर घसरत थांबतो. झेंगर यांचे विमान इंजिन बंद झाल्यावर खाली येताना सुमारे 40 किलोमीटर उंचीवरच्या घट्ट होत जाणाऱ्या हवेवर आपल्या सपाट पोटाने असाच टप्पा घेणार होते, पुन्हा अवकाशात उसळणार होते, पुन्हा खाली येणार होते. अशा टप्प्यांनी ते पृथ्वीच्या परिघाच्या निम्म्याच्या आसपास अंतर कापू शकेल, असे गणित सांगत होते.

हे विमान प्रवाशांसाठी किंवा ग्रहांच्या वाटेसाठी मागितले गेले नव्हते. जर्मनीहून निघून, अमेरिकेवर सुमारे 4 टनांचा बॉम्ब टाकून, पॅसिफिकमधील जपानच्या ताब्यातील मुलखात उतरायचे, ही त्याची कामगिरी होती. अहवालात न्यूयॉर्क शहराचा नकाशा घेऊन बॉम्बफेकीचा परिणाम आखून दाखवला आहे. अवकाशाचे वेड घेऊन आलेल्या अभियंत्याने हा नकाशा स्वतःच्या प्रकल्पात समाविष्ट केला, कारण त्याखेरीज प्रकल्पाला पैसा मिळणार नव्हता. झेंगर यांच्या आयुष्यातील हा सौदा कोणत्याही कौतुकाच्या आड लपवता येत नाही.

आणि हा सौदा निष्फळही ठरला. सोव्हिएत संघाशी युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीला दूरच्या पल्ल्याची स्वप्ने परवडेनात. 1942 मध्ये ट्राउएनचे काम थांबवण्यात आले. झेंगर यांना ग्लायडरांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत पाठवले गेले. तिथे त्यांनी रॅमजेट इंजिनावर काम केले. वेगाने आत शिरणारी हवा स्वतःच्याच जोराने दाबली जाऊन जळते, असे हे इंजिन. त्यांनी ते डॉर्निए बॉम्बर विमानांच्या पाठीवर बसवून उडवून पाहिले. 1944 मध्ये, पराभव दिसू लागला असताना, दूरच्या पल्ल्याच्या रॉकेट बॉम्बरवरील त्यांचा आणि ब्रेट यांचा अहवाल मोजक्या प्रतींत, गुप्त शिक्का मारून, वाटला गेला. विमान कधीच बनले नाही. प्रती मात्र उरल्या.

अहवालाच्या मागावर

युद्ध संपले आणि त्या प्रती विजेत्यांच्या हाती पडल्या. अमेरिकी नौदलाने अहवालाचे इंग्रजी भाषांतर करवून घेतले. मॉस्कोत तो स्टालिनपर्यंत गेला. ज्याच्याकडे अमेरिकेपर्यंत पोहोचणारे एकही विमान नव्हते, अशा राज्यकर्त्याला त्यातील नकाशाचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. 1947 मध्ये स्टालिनने झेंगर यांना शोधून, पटवून किंवा पळवून आणण्याची कामगिरी सोपवली. पथकात त्याचा मुलगा वासिली आणि ग्रिगोरी टोकायेव हे रॉकेटतज्ज्ञ होते. मोहीम फसली, टोकायेव यांनी लवकरच स्वतःच ब्रिटिशांकडे आश्रय घेतला. त्याच सुमारास गणितज्ञ म्स्तिस्लाव केल्दिश यांच्या देखरेखीखाली सोव्हिएत संस्थेत झेंगर यांच्या आकड्यांची फेरतपासणी झाली. विमानाच्या वजनाच्या मानाने इंधनाचे प्रमाण अशक्यप्राय आहे, असे दिसल्यावर तिथे रॅमजेटची जोड देण्याचा विचार झाला, आणि अखेर तो प्रकल्प मागे पडला.

फेरतपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती पुढच्या अर्धशतकाची कथा ठरवणारी होती. वातावरणावर टप्पा घेताना विमान किती तापेल, याचा झेंगर आणि ब्रेट यांचा अंदाज खऱ्यापेक्षा बराच कमी होता. सेकंदाला 6 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या प्रत्येक किलो वजनात सहा किलोहून अधिक पाण्याची वाफ करू शकेल इतकी ऊर्जा साठलेली असते. थांबायचे तर ही ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे. बहुतेक हवेत जाते, पण जो थोडा भाग यानाच्या कातडीत शिरतो, तोही पोलाद मऊ करायला पुरेसा असतो. रुपेरी पक्षी बनला असता, तर पहिल्याच टप्प्याला त्याचे पोट या उष्णतेपुढे टिकले नसते. वाट बरोबर होती; त्या वाटेवर टिकणारे साहित्य जगात नव्हते.

अमेरिकेत ही वाट दोन दिशांनी पुढे गेली. जर्मन रॉकेट कार्यक्रमाचे माजी प्रमुख वाल्टर डोर्नबर्गर बेल विमान कंपनीत गेले आणि झेंगर यांच्या धर्तीच्या यानाचा पाठपुरावा करू लागले. त्यातून 1957 मध्ये अमेरिकी हवाई दलाचा डायना-सोर हा प्रकल्प उभा राहिला. एका वैमानिकाचे, पंखांचे, पुन्हा वापरता येणारे अवकाशयान, असे त्याचे रूप होते. बोइंग कंपनीत त्याची बांधणी सुरू असतानाच संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी 10 डिसेंबर 1963 रोजी तो रद्द केला.

दुसरी दिशा एका चिनी शास्त्रज्ञाची. छ्येन श्वेसेन हे कॅलिफोर्नियातील नावाजलेले वायुगतिकीतज्ज्ञ 1945 मध्ये अमेरिकी पथकाबरोबर पराभूत जर्मनीत गेले होते आणि तिथल्या संशोधनाची पाहणी करून आले होते. 1949 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला तासाभरात नेणाऱ्या रॉकेट प्रवासी यानाची कल्पना मांडली. झेंगर यांच्या उसळत्या टप्प्यांऐवजी छ्येन यांचे यान एकदा वातावरणात शिरले की सलग, गुळगुळीत उतरत सरकणार होते. टप्प्याटप्प्याला येणारा उष्णतेचा तडाखा त्यामुळे सौम्य होतो. पुढच्याच वर्षी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून छ्येन यांच्यावर कारवाई झाली. पाच वर्षे नजरेखाली ठेवून 1955 मध्ये त्यांना चीनला जाऊ देण्यात आले. तिथे ते क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक ठरले. आज अभ्यासक उसळत्या वाटेला झेंगर यांचे आणि सरकत्या वाटेला छ्येन यांचे नाव देतात. डीएफ-17 ज्या देशात बनले, त्या देशाच्या हाती हा माणूस अमेरिकेने स्वतःच सोपवला होता.

पॅरिस, स्टुटगार्ट, कैरो

स्टालिनचे हेर शोधत होते, तेव्हा झेंगर फ्रान्समध्ये होते. फ्रेंच सरकारच्या विमान-संशोधन संस्थेत ते आणि ब्रेट काम करत होते. युद्धानंतरच्या या वर्षांत त्यांच्या विचारांना निराळे वळण लागले. अवकाशविद्या एका राष्ट्राची राहिली तर ती शस्त्रागारातच राहील, हे त्यांना पटले होते असे त्यांच्या कृतीवरून दिसते. विविध देशांतील अवकाश संस्थांना एकत्र आणणारा आंतरराष्ट्रीय अंतराळविद्या महासंघ 1951 मध्ये स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष झेंगर होते. सहा वर्षांपूर्वीच्या शत्रुराष्ट्रांचे अभियंते एका मेजाभोवती बसत होते आणि त्यांच्या अग्रस्थानी न्यूयॉर्कच्या नकाशाचा कर्ता होता. महासंघाचे वार्षिक अधिवेशन आजही जगभरच्या अवकाश संस्थांना एकत्र आणते.

1954 मध्ये ते पश्चिम जर्मनीत परतले आणि स्टुटगार्ट येथे झोतप्रणोदनाच्या भौतिकशास्त्राची संस्था त्यांनी उभारली. या काळात त्यांनी प्रकाशकणांच्या रेट्यावर चालणाऱ्या, ताऱ्यांपर्यंत जाऊ पाहणाऱ्या रॉकेटचे गणित केले. इंधन म्हणून पदार्थ आणि प्रतिपदार्थ हवे असणारे ते यान आजही कागदावरच आहे. इतक्या दूर पाहणाऱ्या माणसाच्या पायाखाली मात्र जुनाच प्रश्न होता. पश्चिम जर्मनीत रॉकेटसाठी पैसा नव्हता, आणि युद्धाच्या आठवणीमुळे राजकीय इच्छाही नव्हती.

1960 च्या सुमारास इजिप्तकडून विचारणा झाली. हवामान संशोधनाची रॉकेटे बनवायची आहेत असे सांगण्यात आले. झेंगर आणि त्यांचे काही सहकारी सल्लागार झाले. नासर यांच्या इजिप्तला रॉकेटे हवामानासाठी नव्हे, इस्रायलसाठी हवी आहेत, हे फार काळ लपले नाही. बॉन सरकारने दबाव आणला आणि झेंगर यांना इजिप्तचे काम तर सोडावे लागलेच, स्टुटगार्टचे पदही गेले. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी काम चालू ठेवले. जुलै 1962 मध्ये इजिप्तने रॉकेटे उडवून दाखवली, आणि इस्रायलच्या गुप्तचरांनी त्या जर्मन तज्ज्ञांविरुद्ध धमक्यांची आणि पार्सल बॉम्बची मोहीम उघडली.

ट्राउएन आणि कैरो यांमध्ये वीस वर्षांचे अंतर आहे, तरी घडले ते एकच. संशोधकाला साधने हवी होती. सत्तेला अस्त्र हवे होते. आणि संशोधकाने आपल्याला सांगितले गेले त्यापलीकडे विचारले नाही. 1963 मध्ये बर्लिनच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना अवकाशयानविद्येचे प्राध्यापकपद दिले. ते पद त्यांना फार काळ भूषवता आले नाही. 10 फेब्रुवारी 1964 रोजी, वयाच्या 58 व्या वर्षी, बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. डायना-सोर रद्द होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. इरेने झेंगर-ब्रेट 1983 पर्यंत जगल्या. अमेरिकेचे स्पेस शटल पंखांवर उतरताना त्यांनी पाहिले. त्यांच्या पतीच्या वाट्याला ते दृश्य आले नाही.

वाटेचा आजचा अर्थ

झेंगर यांना नडलेली उष्णता पुढच्या पिढ्यांनी कार्बनतंतूंची संमिश्रे आणि उष्णतारोधक कवचे वापरून बऱ्याच अंशी आटोक्यात आणली, पण सहजासहजी नाही. अमेरिकेच्या एचटीव्ही-2 या प्रायोगिक यानाची दोन्ही उड्डाणे, एप्रिल 2010 आणि ऑगस्ट 2011, सुमारे नऊ मिनिटांनंतर संपर्क तुटून संपली. ध्वनीच्या वीसपट वेगाला यानाच्या कातडीचे तुकडे सुटत गेल्याचे दुसऱ्या अपयशाच्या चौकशीत आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकी लष्कराचे दुसरे, कमी पल्ल्याचे यान हवाई बेटांहून क्वाजलेनपर्यंत यशस्वीरीत्या गेले.

ही वाट लष्करी दृष्ट्या मोलाची का, हे साध्या भूमितीने समजते. आंतरखंडीय बॅलिस्टिक क्षेपणास्त्र हजारभर किलोमीटर उंच जाते. इतक्या उंचीवरची वस्तू जमिनीवरच्या रडारला सुमारे 4,000 किलोमीटरवरून दिसू शकते, आणि ती कुठे पडणार हेही बरेच आधी काढता येते. 40 किलोमीटर उंचीवरून सरकत येणारे यान पृथ्वीच्या गोलाईआड लपलेले असते. ते सात-आठशे किलोमीटरवर आल्यावरच दिसते. सेकंदाला 3 किलोमीटर वेग धरला तरी उरतात चार-पाच मिनिटे. उपग्रहांवरील अवरक्त कॅमेरे रॉकेट सुटल्याचे आधीच टिपतात हे खरे. पण यान वळू शकत असल्याने त्याचे लक्ष्य राजधानी आहे, नाविक तळ आहे की रडार केंद्र, हे शेवटपर्यंत उमगत नाही. अवकाशात टक्कर देणाऱ्या प्रतिक्षेपणास्त्रांसाठी ते फार खाली असते, विमानविरोधी अस्त्रांसाठी फार वर.

याचा अर्थ जगाचा समतोल एका रात्रीत बदलला असा नाही. रशियाकडे अमेरिकेची कोणतीही संरक्षणव्यवस्था भेदण्याइतकी अण्वस्त्रे अवांगार्दच्या आधीही होती. अमेरिका 2002 मध्ये क्षेपणास्त्रविरोधी करारातून बाहेर पडली. उद्या आपला प्रतिहल्ला अडवला जाईल ही मॉस्कोची भीती तेव्हापासून वाढली, आणि अवांगार्द हे त्या भीतीचे उत्तर आहे. शिवाय हवेतून सरकणारे यान घर्षणाने वेग गमावते. लक्ष्याशी पोहोचताना ते बॅलिस्टिक अस्त्रापेक्षा मंद असू शकते आणि वाटेत इतके तापते की उपग्रहांना उष्णतेच्या रेषेसारखे दिसते. अमेरिका आणि जपान त्याला मधल्या टप्प्यात गाठणारे प्रतिअस्त्र मिळून विकसित करत आहेत.

खरा बदल मध्यम पल्ल्यावर आणि निर्णयाच्या वेळेत आहे. पश्चिम पॅसिफिकमधील हवाई तळ, युद्धनौका आणि रडार केंद्रे डीएफ-17 सारख्या अस्त्राच्या पहिल्या तडाख्यात येतात; म्हणून तिथल्या सेनापतींना आपले बळ एका जागी न ठेवता विखरावे लागते. येणाऱ्या यानात साधे स्फोटक आहे की अणुस्फोटक, हे बाहेरून कळत नाही. लक्ष्य माहीत नाही, अस्त्राचा प्रकार माहीत नाही, आणि विचाराला चार मिनिटे. अशा स्थितीत मागे पडू नये म्हणून आधीच वार करण्याचा मोह बळावतो, किंवा निर्णय यंत्रांवर सोपवण्याचा. सुखावह नसली तरी जुनी अण्वस्त्रस्पर्धा एका गोष्टीवर टिकून होती : काय घडते आहे हे समजायला अर्धा तास मिळत होता. ही वाट नेमका तो अर्धा तास खाते. आता भारतही या स्पर्धेत उतरला आहे. 16 नोव्हेंबर 2024 रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेटावरून 1,500 किलोमीटरहून अधिक पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी झाली.

या अस्त्रांसाठी वेगळा असा कोणताही आंतरराष्ट्रीय करार नाही. अवांगार्द अमेरिका-रशिया यांच्या न्यू स्टार्ट करारात मोजले गेले, ते केवळ त्याचे वाहक क्षेपणास्त्र त्या करारात बसत होते म्हणून. आणि त्या कराराची मुदत 5 फेब्रुवारी 2026 पर्यंतचीच होती. चीनला असा कोणताही करार लागू नव्हता.

झेंगर यांना या सगळ्याचा दोष देणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. त्यांनी नसते काढले तर हे गणित दुसऱ्या कोणी काढले असते. छ्येन यांचे उदाहरण समोर आहेच. त्यांच्या चरित्रातून उरणारा प्रश्न अधिक जवळचा आहे. त्यांनी तीन सरकारांना आपली विद्या दिली, आणि प्रत्येक वेळी तिचा उपयोग काय करायचा हे ठरवण्याचा अधिकारही तिच्याबरोबर देऊन टाकला. 1951 मध्ये महासंघाच्या अध्यक्षपदावरून, काही काळापुरता का होईना, त्यांनी तो अधिकार अभियंत्यांकडे परत मागितला. प्रणोदन, उष्णतारोधक साहित्य, संगणकीय नियंत्रण अशा विषयांत परदेशी कंपन्या आणि प्रयोगशाळांत काम करणाऱ्या मराठी माणसांची संख्या आज लहान नाही. झेंगर यांच्या आयुष्यातील ट्राउएन आणि कैरो त्यांना फारसे परके वाटू नयेत. पण त्या आयुष्यात 1951 चे ते अधिवेशनही आहे, आणि सरकत्या अस्त्रांवर पहिला करार कधी लिहिला गेलाच, तर त्याची कलमे समजावून सांगायला मुत्सद्द्यांना अशाच अभियंत्यांची गरज पडणार आहे.